न पेरलेले पीक : हिमालयातील गुच्छी

पाडव्याच्या आसपास महाराष्ट्रात उन्हाचा कडाका जाणवू लागतो, त्या वेळी हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्याच्या तीर्थन आणि सैंज खोऱ्यांत बर्फ वितळण्यास नुकताच प्रारंभ झालेला असतो. देवदार आणि कैल या वृक्षांच्या छायेतील काळीशार, ओलसर जमीन हळूहळू उघडी पडते. शेतातील गहू व जव अद्याप हिरवे असतात. हिवाळ्यासाठी साठविलेले धान्य सरत आलेले असते आणि घरात रोख पैसा जवळजवळ नसतोच. नेमक्या याच दिवसांत पहाटेच्या अंधारात घराघरांतून माणसे बाहेर पडतात आणि नजर जमिनीवर खिळवून रानाची चढण चढू लागतात. त्यांचा शोध असतो बोटभर उंचीच्या एका अळंबीसाठी. तिचे नाव गुच्छी.

गुच्छी कोणी पेरीत नाही, तिला कोणी खत घालीत नाही की पाणी देत नाही. तरीही वाळविलेली गुच्छी किलोमागे हजारो रुपयांना विकली जाते. प्रत आणि हंगाम यांनुसार दर बदलत असले, तरी मोठ्या शहरांतील दुकानांतून तो वीस ते तीस हजार रुपयांपर्यंतही जातो. जगातील अत्यंत महागड्या खाद्य अळंब्यांत तिची गणना होते. साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, निसर्गाने फुकट दिलेल्या या वस्तूला एवढे मोल कशामुळे प्राप्त झाले, आणि त्या मोलातील किती वाटा ती वेचणाऱ्या डोंगरी माणसाच्या पदरात पडतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना गुच्छीचे शास्त्र, तिचा बाजार आणि रानावरील माणसाचा हक्क या तिन्ही बाबींचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

वनस्पती नव्हे, कवक

गुच्छी ही बोलीभाषेत 'रानभाजी' म्हणून ओळखली जात असली, तरी शास्त्रीय दृष्ट्या ती वनस्पती नाही. ती कवक वर्गातील असून तिच्या प्रजातीचे नाव मॉर्चेला असे आहे. कवकांमध्ये हरितद्रव्य नसते. त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणे त्यांना शक्य नसते. कुजणारा पाला, मृत मुळे, लाकडाचे अवशेष किंवा जिवंत झाडांची मुळे यांच्यापासून ती आपले पोषण मिळवितात.

आपल्याकडे पावसाळ्यात दिसणारी नेहमीची अळंबी छत्रीसारखी असते आणि छत्रीच्या खालच्या बाजूस पातळ पडद्यांची रांग असते. गुच्छीची घडण मात्र सर्वस्वी निराळी. तिच्या पांढुरक्या देठावर शंकूच्या आकाराची टोपी असते आणि त्या टोपीवर मधाच्या पोळ्याप्रमाणे खोलगट खळगे व त्यांच्या कडा असतात. या खळग्यांच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म नळ्या असून प्रत्येक नळीत सर्वसाधारणपणे आठ बीजाणू असतात. बीजाणू पक्व झाले म्हणजे त्या नळ्या फुटतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर बीजाणू दूरवर पसरतात.

जमिनीवर दिसणारी गुच्छी ही मूळ जीवाचे केवळ फळ होय. खरा जीव जमिनीखाली पसरलेल्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यात असतो. हे तंतू प्रतिकूल काळात एकत्र येऊन कठीण गाठी तयार करतात व त्यांत अन्नाचा साठा करून ठेवतात. हिवाळ्यातील बर्फाच्या थराखाली या गाठी टिकून राहतात. वसंतात बर्फ वितळते, जमिनीत ओल मुरते, माती हळूहळू उबदार होते; तेव्हा याच साठ्याच्या बळावर काही दिवसांत गुच्छी वर येते. ओल कमी पडली अथवा ऊब एकाएकी वाढली, तर जमिनीखालील जाळे जिवंत असूनही फळ धरत नाही. एका वर्षी भरभरून देणारी जागा दुसऱ्या वर्षी रिकामी का राहते, याचे कारण या नाजूक जुळणीत आहे.

भारतात गुच्छी प्रामुख्याने जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड या प्रदेशांतील पर्वतीय भागात आढळते. साधारणतः दोन हजार ते साडेतीन हजार मीटर उंचीवरील देवदार, कैल, रई व तोस यांची जंगले, बानाच्या झाडांखालील पालापाचोळा, ओढ्यांचे काठ, कुरणांच्या कडा, क्वचित जुन्या फळबागा ही तिची आवडती ठिकाणे होत. खालच्या उतारांवर मार्चपासून आणि जसजसे बर्फ वर सरकते तसतशी वरच्या रानांत मे-जूनपर्यंत ती सापडते. हंगाम अशा रीतीने डोंगर चढत जातो आणि वेचणारेही त्याच्या मागोमाग चढत जातात.

वीज, वणवा आणि लोकसमजूत

पहाडी लोकांत अशी दृढ समजूत आहे की, आकाशात विजा कडाडल्या आणि ढग गडगडले की गुच्छी उगवते. वसंतातील वादळी पावसाच्या सरी जमिनीला हवी ती ओल देतात, हे या समजुतीमागील सरळ कारण असावे. विजेचा स्वतंत्र परिणामही सर्वस्वी अशक्य मानता येत नाही. जपानमधील इवाते विद्यापीठातील संशोधकांनी शिताकेसारख्या लागवडीच्या अळंब्यांना विजेचे उच्चदाबाचे क्षणिक झटके दिले असता उत्पन्न वाढल्याचे त्यांना आढळले. मात्र हे प्रयोग गुच्छीवरील नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी समजूत वणव्याविषयीची आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात जंगल जळाल्यानंतरच्या पहिल्या वसंतात काही जातींच्या गुच्छी मोठ्या प्रमाणावर उगवतात, ही गोष्ट सर्वमान्य आहे. यावरून 'आग लावली की गुच्छी येते' असा निष्कर्ष काढणे मात्र घातक होय. गुच्छीच्या सर्वच जाती आगीनंतर उगवणाऱ्या नसतात. एका हंगामाच्या लोभाने लावलेल्या आगीत देवदाराची कोवळी रोपे, पाल्याचा थर आणि पक्ष्यांची घरटी नष्ट होतात व उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्याच पावसात वाहून जाते. ज्या रानावर पुढील अनेक वर्षांची वेचणी अवलंबून असते, ते रानच अशा आगीत हातचे जाते.

ओळख आणि सावधगिरी

गुच्छी वेचणे म्हणजे केवळ वाकून उचलणे नव्हे. वाळलेल्या पानांच्या तपकिरी रंगात ती इतकी मिसळून गेलेली असते की, नवख्या माणसाच्या पायाखाली येऊनही ती त्याच्या दृष्टीस पडत नाही. कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूस, कोणत्या उतारावर आणि कोणत्या पावसानंतर शोधावे, हे ज्ञान आईकडून मुलीला आणि आजोबांकडून नातवाला मिळत आलेले आहे. आपली हमखास जागा कोणीही दुसऱ्याला सहजासहजी सांगत नाही.

खरी गुच्छी ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ती टोकापासून देठाच्या तळापर्यंत उभी चिरली असता आतून संपूर्ण पोकळ दिसते आणि टोपीची खालची कड देठाशी जुळलेली असते. तिच्यासारख्या भासणाऱ्या काही अळंब्यांची टोपी केवळ वरच्या टोकाशी देठाला चिकटलेली असते व खालून घागऱ्यासारखी मोकळी राहते. जायरोमिट्रा या नावाच्या दुसऱ्या एका अळंबीवर पोळ्यासारखे खळगे नसून मेंदूसारख्या वळ्या असतात. या अळंबीत जायरोमिट्रिन नावाचे विषारी द्रव्य असते. शरीरात त्याचे रूपांतर होऊन यकृतावर आणि मज्जासंस्थेवर गंभीर परिणाम होतात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

खरी गुच्छीदेखील कच्ची खाणे धोक्याचे आहे. नीट शिजविल्याने तिच्यातील अपायकारक अंश बव्हंशी नाहीसा होतो, असे मानले जाते. कच्ची वा अर्धवट शिजविलेली गुच्छी खाल्ल्यास उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होऊ शकते. मार्च-एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात गुच्छी खाल्ल्यामुळे ५१ जण आजारी पडले व त्यांपैकी दोघे मृत्यू पावले. तेथे गुच्छी कच्ची किंवा अपुरी शिजविलेली वाढण्यात आली होती. काश्मिरी आणि हिमाचली स्वयंपाकात गुच्छी आधी कोमट पाण्यात भिजवून, तिच्या खळग्यांतील माती वारंवार धुऊन, मग पुलावात किंवा दह्याच्या रश्श्यात चांगली शिजविण्याची पद्धत आहे. या परंपरागत पद्धतीत चवीइतकेच शहाणपणही साठविलेले आहे.

वेचणीचा एक दिवस

हंगामात वेचणाऱ्यांचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. दुसरा कोणी पोचण्यापूर्वी आपल्या जागेवर पोचणे महत्त्वाचे असते. पाठीवर किल्टा नावाची निमुळती टोपली, कमरेला शिदोरी आणि हातात काठी घेऊन स्त्रिया, पुरुष आणि शाळकरी मुलेही डोंगर चढतात. दहा-पंधरा किलोमीटरची चढउतार ही नित्याची गोष्ट. वरच्या रानांत गेलेली कुटुंबे काही दिवस गुहेत किंवा मेंढपाळांच्या झोपडीत मुक्कामही करतात. निसरडे उतार, अवचित येणारी गारपीट आणि हिवाळ्यानंतर भुकेले झालेले काळे अस्वल हे धोके त्यांच्या सोबतीला असतात. एवढे करूनही दिवसाकाठी कधी मूठभर गुच्छी मिळते, कधी टोपलीचा तळ झाकेल एवढी, तर कधी रिकाम्या हाताने परतावे लागते.

घरी आणल्यावर गुच्छी दोऱ्यात ओवून तिच्या माळा केल्या जातात. त्या उन्हात, अथवा आभाळ भरलेले असल्यास चुलीवरील उबेत टांगून वाळविल्या जातात. ताज्या गुच्छीत जवळजवळ नऊ-दशांश पाणी असते. म्हणून एक किलो सुकी गुच्छी होण्यासाठी सुमारे दहा किलो ताजी गुच्छी लागते आणि दहा किलो म्हणजे शेकडो नग. बाजारातील भारी किमतीमागे ही शेकडो वेळा वाकलेली पाठ आहे, याचा विसर पडता कामा नये. वाळविताना धूर लागला तर रंग काळवंडतो आणि वास बदलतो. ओल राहिली तर बुरशी येते. या दोन्ही दोषांनी प्रत उतरते व भाव पडतो.

उंबरठ्यापासून बाजारापर्यंत

वेचलेली गुच्छी सर्वप्रथम गावातील दुकानदाराकडे किंवा फिरत्या व्यापाऱ्याकडे जाते. तेथून ती तालुक्याच्या गावातील मोठ्या व्यापाऱ्याकडे, पुढे अमृतसर-दिल्लीच्या बाजारात आणि तेथून फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी यांसारख्या देशांत पोचते. युरोपीय पाककलेत गुच्छीला मानाचे स्थान असल्यामुळे भारतातील सुक्या गुच्छीला तेथे दीर्घकाळ मागणी आहे. देशातील मोठ्या हॉटेलांतही तिचा खप होतो.

या साखळीतील सर्वांत दुर्बळ दुवा म्हणजे पहिला दुवा. वेचणारे कुटुंब अनेकदा हिवाळ्यात त्याच दुकानदाराकडून उधारीवर मीठ, साखर, कापड घेते आणि वसंतात गुच्छी देऊन ती उधारी फेडते. अशा व्यवहारात भाव ठरविण्याची मोकळीक वेचणाऱ्याकडे राहत नाही. दूरच्या बाजारातील दर त्याला ठाऊक नसतो. काटा दुकानदाराचा असतो आणि माल किती ओला आहे, याचा निवाडाही दुकानदारच करतो. ज्या वस्तूचे मोल ग्रॅमवर ठरते, तिच्या वजनात बोटभर झुकते माप घेतले गेले, तरी वेचणाऱ्याची एक दिवसाची मेहनत वाया जाते.

तरीही या उत्पन्नाचे महत्त्व मोठे आहे. शेतीचा तुकडा लहान, मजुरीची साधने मर्यादित आणि गहू-जव हाती येण्यास अवकाश, अशा दिवसांत गुच्छीची माळ हीच अनेक घरांत रोख रक्कम असते. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आणि जुनी देणी तिच्यातून भागतात. विशेषतः ज्या स्त्रियांच्या नावे जमीन नसते, त्यांना स्वतःच्या कष्टाने पैसा मिळविण्याचे हे एक साधन ठरते.

उद्यानाची सीमा आणि माणसाचा हक्क

हे उत्पन्न ज्या रानावर अवलंबून आहे, त्या रानाचे दार बंद झाले तर काय होते, याचे उदाहरण कुलू जिल्ह्यातच घडले. १९८४ साली तेथे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्याचा इरादा जाहीर झाला आणि १९९९ साली त्याची अंतिम अधिसूचना निघाली. सुमारे ७५४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पश्चिमी ट्रॅगोपॅन हा दुर्मिळ पक्षी, हिमबिबट्या आणि कस्तुरीमृग यांचा अधिवास आहे. २०१४ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. उद्यानाचे महत्त्व निर्विवाद आहे.

परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानात चराई आणि वनोपज गोळा करणे यांसारख्या हक्कांना वाव राहत नाही. या रानांवरील गावकऱ्यांचे हक्क ब्रिटिश राजवटीत अँडरसन यांनी केलेल्या १८८६ च्या वन-बंदोबस्तात नोंदविलेले होते. १९९९ मध्ये हक्कांचा निवाडा करताना याच जुन्या नोंदींचा आधार घेऊन रोख भरपाई देण्यात आली. शंभराहून अधिक वर्षांत कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, नवी घरे उभी राहिली. प्रत्यक्षात गुच्छी व औषधी वनस्पती वेचणाऱ्या सर्वांचीच नावे त्या नोंदींत असणे शक्य नव्हते. उद्यानाच्या परिसरातील गावांतून या निर्णयाविरुद्ध तीव्र नाराजी व्यक्त झाली. दर वसंतात मिळणारे उत्पन्न एकदाच मिळणाऱ्या रकमेने भरून निघेल काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

उद्यान व्यवस्थापनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते १९९९ या काळात राबविलेल्या प्रकल्पात पर्यायी उत्पन्नाचे प्रयत्न केले. स्त्रियांचे बचत गट, गांडूळखताची निर्मिती, जर्दाळूच्या बियांचे तेल, पर्यटकांसाठी वाटाडे व भारवाहक यांचे काम, असे मार्ग पुढे आले आणि त्यांतून काही कुटुंबांना आधारही मिळाला. तथापि, वाटाड्याचे काम मुख्यतः तरुण पुरुषांना मिळते. गुच्छी मात्र साठीची आजीही वेचू शकत असे. एक साधन काढून घेऊन दुसरे देताना ते त्याच हातांत पोचते किंवा नाही, हे पाहणे किती आवश्यक आहे, याचा धडा या अनुभवातून मिळतो.

पुढे २००६ साली संसदेने अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम संमत केला. या अधिनियमाने पूर्वापार गोळा केले जाणारे गौण वनोपज वेचणे, वापरणे आणि विकणे यांवरील मालकी हक्क वननिवासींना दिला. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जम्मू-काश्मीरमध्ये हा अधिनियम २०१९ च्या पुनर्रचनेनंतर लागू झाला. तो राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांनाही लागू आहे. कुलूमधील निवाडा मात्र त्यापूर्वी सात वर्षे होऊन गेला होता.

वेचल्याने गुच्छी संपते काय?

हक्कांच्या चर्चेत एक शंका नेहमी उपस्थित केली जाते, ती ही की, सतत वेचणी झाल्यास गुच्छी नामशेष होईल. या संदर्भात स्वित्झर्लंडमधील एक दीर्घकालीन अभ्यास उद्बोधक आहे. १९७५ ते २००३ अशी २९ वर्षे तेथील संशोधकांनी जंगलातील काही भागांत नियमितपणे अळंब्या वेचल्या, काही भाग तसेच ठेवले आणि दोहोंची तुलना केली. वेचल्यामुळे पुढील वर्षांच्या उत्पन्नात किंवा जातींच्या संख्येत घट झाल्याचे दिसले नाही. मात्र माणसांच्या पायांनी जमीन तुडविली गेली की अळंब्यांची संख्या घटली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सर्व प्रकारच्या वन-अळंब्यांचा होता, केवळ गुच्छीचा नव्हे. हिमालयातील तीव्र उतार आणि पातळ माती यांचाही वेगळा विचार करावयास हवा. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. फळ तोडल्याने झाड मरत नाही, तद्वतच गुच्छी उचलल्याने जमिनीखालील जाळे मरत नाही. मात्र त्या जाळ्यावरील माती आणि पाला यांची नासधूस झाली, तर त्याची हानी होते.

म्हणून वेचणीचे काही साधे नियम पाळणे हितावह ठरते. गुच्छी मातीसकट उपटू नये, देठाशी कापून घ्यावी. पाल्याचा थर काठीने उकरू नये. अगदी लहान तसेच जून होऊन सुकू लागलेल्या गुच्छी जागेवरच सोडाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी विणलेली टोपली वापरावी. तिच्यात माल घुसमटत नाही आणि वाटेत बीजाणूही सांडत जातात. एकाच पायवाटेने जावे-यावे.

वेचणीपेक्षा मोठा धोका वेगळ्याच दिशेने येत आहे. जानेवारी २०२४ मध्ये काश्मीरमधील गुलमर्गचे प्रसिद्ध उतार ऐन हिवाळ्यात उघडे पडलेले होते. बर्फच पडले नाही तर वसंतात मुरावयाची ओल येणार कोठून? हिवाळ्याची ही अनियमितता वाढत गेली, तर गुच्छीच्या हंगामावर तिचा परिणाम झाल्याशिवाय राहणार नाही.

लागवडीचे प्रयत्न

गुच्छी शेतात पिकविण्याचा ध्यास शास्त्रज्ञांनी शतकाहून अधिक काळ घेतलेला आहे. १९८२ साली रोनाल्ड ओवर या अमेरिकन संशोधकाने बंदिस्त जागेत गुच्छी उगविल्याचे प्रसिद्ध केले व १९८६ मध्ये त्या पद्धतीचे पेटंट दिले गेले. व्यापारी प्रमाणावरील मोठे यश मात्र चीनमध्ये मिळाले. तेथे शेतातील वाफ्यांत कवकाचे बीज पेरून वर धान्य इत्यादींनी भरलेल्या पोषण-पिशव्या ठेवण्याची पद्धत विकसित झाली आणि २०१२ नंतर सिचुआन व इतर प्रांतांत ही लागवड झपाट्याने वाढली. डेन्मार्कमध्येही बंदिस्त जागेत वर्षभर उत्पादन घेण्यात यश आल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. भारतात सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालयाने त्याच वर्षी गुच्छी उगविण्यात यश मिळविल्याची वार्ता दिली.

ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु लागवडीची गुच्छी बाजारात मोठ्या प्रमाणावर आली की भाव खाली येऊ शकतो, आणि नियंत्रित वाफे उभारण्याचे भांडवल ज्याच्याजवळ आहे, त्यालाच या तंत्राचा पहिला लाभ मिळतो. म्हणून प्रयोगशाळेतील तंत्र प्रथम वेचणाऱ्या गावांपर्यंत, तेथील स्त्रियांच्या गटांपर्यंत नेणे अगत्याचे आहे. तद्वतच रानातील गुच्छीला तिच्या मूळ स्थानाची वेगळी ओळख मिळाली, तर लागवडीच्या मालासमोर तिचा भाव टिकून राहण्यास साहाय्य होईल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्राच्या रानांत बर्फ नाही आणि गुच्छीचा हंगामही नाही. पण पावसाच्या पहिल्या सरींनंतर कोकणात वारुळांवर उगवणारी अळंबी आणि विदर्भात 'सात्या' या नावाने ओळखली जाणारी तिची भावंडे यांची कथा फारशी वेगळी नाही. वारुळातील वाळवी आपल्या अन्नासाठी या कवकाची जोपासना करते. माणसाला मात्र तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. तीही पहाटे उठून, जागा ठाऊक असणाऱ्यांनीच वेचावयाची असते, आणि तीही ओळखण्यात चूक झाली तर जिवावर बेतते. मोहाची फुले, तेंदूची पाने, हिरडा, चारोळी या सर्व वनोपजांच्या बाबतीत वेचणाऱ्याचा हात आणि व्यापाऱ्याचा काटा यांमधील अंतर हाच मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर तोडणी किती करावयाची, भाव कोणता घ्यावयाचा आणि आलेल्या पैशाचे काय करावयाचे, हे गाव एकत्र बसून ठरवू लागले. रान टिकविण्याची जबाबदारीही त्याच ग्रामसभेने घेतली. कारण रान संपले तर हक्काला अर्थ उरणार नाही, हे तिला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

हिमालयातील गुच्छी वेचणाऱ्या गावांनाही हीच वाट उपयोगी पडण्याजोगी आहे. ग्रामसभेचा स्वतःचा काटा, वाळवणीसाठी धूर न लागणारी सामाईक जागा, अमृतसर-दिल्लीच्या दराची रोजची माहिती आणि हिवाळ्यात उधारीऐवजी बचत गटाकडून मिळणारे छोटे कर्ज या चार गोष्टी फार मोठ्या भांडवलाच्या नाहीत. गुच्छी कोठे आणि केव्हा उगवेल, हे सांगणे अजूनही माणसाच्या हाती नाही. पण ती उगवल्यानंतर सैंज खोऱ्यातील एखाद्या आजीने दिवसभर डोंगर चढून आणलेल्या मूठभर मालाचे वजन तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या गावाच्या काट्यावर व्हावे, एवढे तरी निश्चितच माणसाच्या हाती आहे.